कार्डाची शिट्टी

आमच्या मासिकात ग्राफिक्स कार्डं तपासायचं काम एक बाई करायच्या. त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत. संगणकांच्या या मासिकात त्या आल्या तेव्हा मुद्रितं तपासायच्या आणि चूक सापडली की लाल पेनाचं टोक कागदावर टेकवून शाळेतल्या बाईंसारख्या भुवया वर करायच्या. तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले संपादकही त्यांना बाईच म्हणत. मी तिथे फोटो काढायला होतो, अजून आहे. पुढे जे घडलं त्यातलं अर्धं मी पाहिलं आणि अर्धं बाईंनीच मला सांगितलं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातला पडद्यावर चित्र काढणारा भाग. गेम खेळणाऱ्यांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. महागड्या कार्डांबद्दल लोक आवडीनं वाचतात, पण विकत घेतात ती मधल्या किमतीची. बाईंच्या टेबलावर तीच यायची. बाईंचं काम ठरलेलं होतं. तीन गेम, प्रत्येकातला एकच तुकडा, तोही तीनदा खेळायचा. सेकंदाला किती चित्रं निघतात, कुठे अडखळतं, कार्ड किती तापतं, सगळं टिपून ठेवायचं. एका गेममधला पूल त्यांनी हजार वेळा तरी ओलांडला असेल. पलीकडे काय आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “काय माहीत. पुलावर चाचणी संपते.”

पण वाचक बाईंच्या लेखात आधी शेवटचा परिच्छेद वाचायचे, आवाजाचा. गेमचा वेग कोणीही मोजतो. कार्ड शांत आहे का, हे बाई सांगायच्या. त्यांचे कान तिखट होते. मुद्रितं तपासायच्या दिवसांत, एका संगणकाचं कौतुक छापायला निघालं असताना, त्या टेबलावरून उठून म्हणाल्या होत्या, “हा शिट्टी वाजवतोय.” सगळे हसले. आठवडाभरात दुकानदारांच्या तक्रारी आल्या. कार्डावर तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी असतात. जोर आला की कधीकधी ती थरथरतात आणि डासासारखा आवाज करतात. संपादकांनी त्याच महिन्यात त्यांच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्याला नऊ वर्षं झाली होती.

चाचणीची खोली म्हणजे मागच्या बाजूची अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, दाराला आतून घोंगडी ठोकलेली. आवाजाची चाचणी सकाळी सात ते नऊमध्ये व्हायची, म्हणजे लिफ्ट सुरू व्हायच्या आणि ऑफिस भरायच्या आत. आवाज मोजायचं यंत्र हातभर अंतरावर ठेवायचं, पंखा बंद, मोबाइल बाहेर. मग बाई डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. यंत्र एकूण आवाज किती ते सांगायचं, पण पंख्यांच्या घरघरीत लपलेली बारीक शिट्टी त्याला वेगळी काढता यायची नाही. ती बाई काढायच्या.

तर त्या वर्षी एका नवख्या छोट्या कंपनीचं कार्ड आलं होतं. वेग उत्तम, पंखे मंद, तापमान बेतात. बाईंनी सगळं चांगलं लिहिलं आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं : ‘कार्ड शिट्टी वाजवतं. सतत, बारीक, न थांबणारी. शांतता हवी असेल त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.’ झालं. ते वाक्य सगळीकडे फिरलं. कंपनीच्या इंजिनियरचा मेल आला. त्यांनी बारा कार्डं तपासली होती, एकातही आवाज नव्हता. पुन्हा एकदा ऐकाल का, अशी विनंती होती आणि सोबत आवाजाचा आलेख जोडला होता. बाईंनी मेल वाचला, आलेख उघडला नाही. “सगळे असंच म्हणतात,” एवढंच मला म्हणाल्या. आणखी दोन मेल आले. त्यांनाही उत्तर गेलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचं कार्ड आलं, त्याच किमतीतलं. मी फोटो काढून दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चाचणीला बसल्या. आठ वाजता मी आलो तर दार उघडं आणि बाई उभ्या.

“हेही वाजतंय,” त्या म्हणाल्या.

“मग लिहा तसं.”

“तोच सूर आहे. त्या आधीच्या कार्डाचा. अगदी तोच.” त्यांनी खोलीत दोन चकरा मारल्या. “कंपनी वेगळी, वेटोळी वेगळी, आणि सूर एक कसा?”

मी म्हटलं, योगायोग असेल. मला तेव्हा चहा हवा होता. मी गेलो.

त्यानंतर खोलीत काय झालं ते मला आठवड्याभरानं कळलं. बाईंनी गेम बंद केला. शिट्टी चालू. संगणक बंद केला. शिट्टी चालू. वायर भिंतीतून उपटून हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. खोलीत चालू असलेली एकही वस्तू नव्हती, आणि शिट्टी वाजतच होती.

त्यांनी आधी बाकी सगळ्यांवर संशय घेतला. वरच्या मजल्यावरची मोटर, कॉरिडॉरमधली ट्यूब, रस्त्यापलीकडचा जनरेटर. त्या दिवशी मी त्यांना जिन्यात, गच्चीवर, वीजमीटरच्या खोलीशी कान लावून उभं असलेलं पाहिलं. वॉचमननं मला विचारलं, “मॅडमचं काही हरवलंय का?” मी म्हटलं, माहीत नाही.

एकदा लक्षात आल्यावर ती शिट्टी पाठ सोडेना. रिक्षात होती, बँकेच्या रांगेत होती, आंघोळीच्या पाण्याखाली तेवढी नव्हती. त्या आठवड्यात बाईंचा पाय एका जागी ठरेना. बोलता बोलता उठायच्या, खिडकी लावायच्या, पुन्हा उघडायच्या. माझ्यावर दोनदा डाफरल्या, एकदा कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन ओढली म्हणून. लेख अडकून पडला होता आणि संपादक रोज दारात येऊन घड्याळ दाखवून जात होते.

घरी बाई आणि त्यांचे वडील, दोघंच. वडील बॉयलरच्या कारखान्यात होते. आयुष्यभर लोखंडी पत्र्यांवर घण चालवला आणि पन्नाशीतच त्यांचे कान गेले. पण हे ते कबूल करत नसत. त्यांचं म्हणणं, लोक हल्ली पुटपुटतात. बातम्या देणारे पुटपुटतात, डॉक्टर पुटपुटतात, दूधवाला तर तोंडातल्या तोंडात बोलतो. बाईंनी त्यांना आणून दिलेलं ऐकायचं यंत्र कपाटात पडून होतं. त्या घरात प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागे. बाई म्हणायच्या, आमच्याकडे गुपित असं काही नसतं, शेजारीच आम्हाला आठवण करून देतात.

त्या रविवारी दुपारी वडील भाजी निवडत बसले होते. बाई घरभर फिरत होत्या. फ्रिज बंद करून पाहिला, घड्याळातला सेल काढला.

“काय शोधतेस?” वडिलांनी विचारलं.

“शिट्टी येतेय कुठून तरी.”

“काय येतंय?”

“शिट्टी, बाबा. शिट्टी.”

वडील हसले. “मला विचारतेस होय. चांगला माणूस गाठलास.” मग हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. “उजव्या कानात?”

बाई थांबल्या.

“मलाही आधी शिट्टीच यायची,” वडील म्हणाले. “मला वाटायचं भोंगा झाला. डबा अर्धा सोडून उठायचो. लोक म्हणायचे, अरे बस, कुठे निघालास. दोन वर्षं तसं चाललं. कोणाला सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलंत?”

“सांगून काय, बसवून ठेवलं असतं फाटकावर. माझा हात त्या कामात चांगला होता. मग एक दिवस क्रेनवाल्यानं घंटा दिली. माझ्या आणि जोडीदाराच्या डोक्यावरून पत्रा चालला होता. जोडीदार घण मारत होता, त्या दणक्यात घंटा ऐकायचं काम माझं होतं. मला ती ऐकू आली नाही. त्याचा पाय गेला, गुडघ्याखाली.”

हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. तो जोडीदार त्यांना लहानपणापासून माहीत होता, कुबडी घेऊन घरी यायचा, त्यांना गोळ्या द्यायचा. अपघात झाला एवढंच घरात बोललं जायचं.

“त्याला माहीत होतं?” त्यांनी ओरडून विचारलं.

“नाही. मी म्हटलं, घंटा वाजलीच नाही. क्रेनवाल्याला काढलं कामावरून.”

वडिलांनी शेंग पुन्हा हातात घेतली. बाई स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या, चप्पल घालून बाहेर पडल्या आणि दोन तास नुसत्या चालत राहिल्या. मला सांगताना म्हणाल्या, “मला वडिलांचा राग आला होता. आणि चालता चालता लक्षात आलं की माझ्याकडे तीन मेल पडलेत.”

सोमवारी त्या आधी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाईंना वाटलं, यात आपला हात कोण धरणार. नंतर कागद समोर आला. डावा कान ठीक. उजव्या कानाची रेघ वरच्या सुरांपाशी येऊन खाली घसरली होती.

“वयाबरोबर थोडं होतंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरात मोठ्यानं बोलायची सवय आहे का? टीव्ही?”

“आहे.”

“आणि ही शिट्टी तुमच्या कानातलीच आहे. जाईल असं नाही, पण तिची सवय होते. शांत खोलीत जास्त वाटेल.”

“मी शांत खोलीतच काम करते,” बाई म्हणाल्या. “बाहेरची शिट्टी आणि आतली शिट्टी, मला वेगळी ओळखता येईल का?”

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. “तुम्हाला एकटीला? भरवसा देता येणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी सोबत ऐकायला बसवा.”

ऑफिसात येऊन त्यांनी पहिल्यांदा तो आलेख उघडला. मला बोलावून दाखवला. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण जिथे शिट्टीचा सुळका असायला हवा होता तिथे सपाट रेघ होती, एवढं मलाही दिसलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानं, हाताची बोटं मोडत.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“आता तुम्ही मला खोटं पाडायचं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघं त्या खोलीत. बाई, मी आणि स्वागतकक्षातली मुलगी, जिला बाईंनी आदल्या दिवशी फक्त एवढंच विचारलं होतं की तुला ऐकू कसं येतं. एका संगणकात जुनं कार्ड, ज्याला बाईंनी दोन महिन्यांपूर्वी झोडपलं होतं. ते अजून कपाटात होतं. मध्ये कपड्याचा पडदा. बाई पडद्याकडे पाठ करून, डोळ्यांवर रुमाल बांधून बसल्या. मी नाणं उडवायचो. छापा आला तर गेम चालू, काटा आला तर कार्ड निवांत. फरक कळू नये म्हणून पंखे दोन्ही वेळा एकाच वेगावर ठेवले होते. बाईंनी फक्त म्हणायचं, ‘आहे’ किंवा ‘नाही’. वीस वेळा.

पहिल्या पाच वेळा त्या लगेच बोलल्या. मग थांबू लागल्या. अकराव्या वेळी म्हणाल्या, “पुन्हा.” मी म्हटलं, पुन्हा नाही, उत्तर द्या. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. विसाव्यानंतर मी मोजलं. वीसपैकी अकरा बरोबर. म्हणजे नुसतं नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढीच आली असती.

मग मी बसलो, मग ती मुलगी. आम्हाला दोघांनाही काही ऐकू आलं नाही. कार्ड मुळी वाजतच नव्हतं.

बाईंनी रुमाल काढला आणि घडी घातली. “नवीन लावा,” म्हणाल्या.

नवीन कार्ड लावलं. गेम सुरू झाला, सुरुवातीचा मेन्यू आला, आणि ती मुलगी एकदम कानावर हात ठेवून म्हणाली, “अगंबाई, हे काय किरकिरतंय?” मलाही ऐकू आलं. उंच, रातकिड्यासारखं. मी बाईंकडे पाहिलं. बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“कुठे?” त्या म्हणाल्या.

मला ते विसरता येत नाही. ज्या कार्डात शिट्टी नव्हती तिथे त्यांनी ऐकली होती, आणि इथे सगळ्यांना ऐकू येत होती ती त्यांना येत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या शिट्टीखाली ती झाकली गेली होती. मला वाटलं, आता त्या उठून जातील. त्यांनी वही ओढली.

“मेन्यूत आहे? पुलावर आल्यावर?”

“कमी झालं,” मुलगी म्हणाली.

“मेन्यूत सेकंदाला दोन हजार चित्रं काढतंय ते, उगाचच. एकशेवीसवर बांधून बघा.”

मी सेटिंग बदललं. किरकिर थांबली. “गेलं,” आम्ही दोघं म्हणालो. बाईंनी लिहून घेतलं. अर्धा तास त्या आम्हाला विचारत होत्या आणि आम्ही ऐकून सांगत होतो. पंखे किती वेगानं फिरले की त्रास होतो, वेग कमी केला तर कार्ड किती अंशांनी तापतं, पेटीचं झाकण लावल्यावर किती फरक पडतो. काय विचारायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आम्ही दोघांनी आयुष्यात एवढं लक्ष देऊन कधी काही ऐकलं नव्हतं.

दहा वाजता त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. मी फोटो दाखवायच्या निमित्तानं सोबत होतो.

“दुरुस्ती छापायची आहे,” बाई म्हणाल्या. “दोन महिन्यांपूर्वीच्या लेखाची. त्या कार्डात शिट्टी नव्हती. माझ्या कानात होती.”

संपादकांनी चष्मा काढला. “बाई, दोन महिने झाले. कोणाच्या लक्षात आहे?”

“त्या कंपनीच्या आहे.”

“एका कोपऱ्यात दोन ओळी टाकू. ‘काही तांत्रिक कारणानं’ वगैरे.”

“तांत्रिक नाही ते. वैयक्तिक आहे. माझ्या नावानं, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत.”

“लोक तुमचा तो परिच्छेद वाचायला येतात,” संपादक म्हणाले. “हे छापलं की तो परिच्छेद गेला. कळतंय का तुम्हाला?”

“तो गेलाच,” बाई म्हणाल्या. “आज सकाळी. हे होते तिथे.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

संपादक बराच वेळ चष्मा पुसत बसले. तसे वाईट नाहीत ते, पण मासिक चालवायचं म्हणजे त्यांचाही जीव टांगणीला. शेवटी म्हणाले, “लिहा. मी एक शब्द बदलणार नाही. मोठं मात्र करू नका.”

बाईंनी सव्वाशे शब्द लिहिले. कान तपासला, काय निघालं, वीसपैकी अकरा, आणि कार्डाला उगाच दोष दिला, हे सगळं. ‘क्षमस्व’ हा शब्द त्यांनी दोनदा काढला आणि तिसऱ्यांदा ठेवला. छापायच्या आधी कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. स्पीकरवर, मी समोर असताना. एकटीनं करायची त्यांची हिंमत होईना.

त्यांनी सगळं सांगितलं.

“ते कार्ड आम्ही बंद केलं,” तो म्हणाला. “मागच्या आठवड्यात. नसलेला आवाज शोधत मी सात आठवडे काढले. बोर्ड दोनदा नव्यानं आखला. शेवटी साहेब म्हणाले, तुलाच ऐकू येत नसेल.”

बाईंनी डोळे मिटले. “माझी चूक झाली.”

“तुम्ही पहिल्याच मेलमधला आलेख उघडला असता तर बरं झालं असतं.”

“हो.”

“आता काय उपयोग,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मग म्हणाला, “त्या वीस चाचण्यांचा तक्ता पाठवा. छापा-काट्यासकट. मला तो साहेबांना दाखवायचाय.”

तक्ता पाचच मिनिटांत गेला.

दुरुस्ती छापून आल्यावर पत्रं आली. काहींनी टिंगल केली, बहिऱ्या समीक्षिका वगैरे. एका वाचकानं लिहिलं की त्यानं ते कार्ड घेतलं होतं, लेख वाचल्यावर त्यालाही शिट्टी ऐकू यायला लागली होती आणि आता येत नाही. ते पत्र बाईंनी मला दोनदा वाचून दाखवलं. हसावं की काय करावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

वडिलांशी त्या महिनाभर कामापुरतंच बोलल्या. मग एका संध्याकाळी वडिलांनीच त्यांना तो क्रेनवाला राहायचा त्या वस्तीचं नाव सांगितलं. दोघं जाऊन आले. क्रेनवाला वारला होता. त्याच्या मुलीनं दारातच ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही.

आता आवाजाचा परिच्छेद तिघांच्या नावानं येतो. बाई मात्र खोलीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ असतात. शांत खोली हीच त्यांना सगळ्यात त्रासाची, कारण तिथे त्यांची शिट्टी मोकळी सुटते. तरी सात वाजता हजर. बसत नाहीत, भिंतीच्या गाद्यांवरून हात फिरवत येरझाऱ्या घालतात, आणि आम्ही ऐकायला लागलो की पावलं वाजू नयेत म्हणून थांबतात.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक मधल्या किमतीचं कार्ड आलं. मी म्हटलं, “आहे.” स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, “नाही.” आमची चांगलीच जुंपली. बाई आमच्या मध्ये उभ्या, एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत.

“दोघं भांडू नका,” त्या म्हणाल्या. “नाणं काढा. वीस वेळा.”